नेमेसिओची गोळी आणि माझा पोमेलो

माझ्या नवऱ्याला, नेमेसिओला, खोटं बोलता येत नाही, असं मी अख्ख्या गावाला सांगत आले. बिचाऱ्याचे कान लगेच लाल होतात. पण न बोलता फसवणं निराळं, हे एवढा संसार करूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली. एन्कार्नासिओनच्या इस्पितळात ती मोकळी केली आणि डॉक्टर ओवेलारबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी लावून दिली, रोज संध्याकाळी, जन्मभर. गोळी त्यांची, बाकीचं माझं, असं मी ठरवून टाकलं. आमच्या भागात तेरेरे, म्हणजे यर्बाच्या पानांचा गार चहा, पाण्याऐवजी फळांच्या रसातही करतात. शिंगाच्या पेल्यात यर्बाची पानं, वर गार रस, सगळ्यांत मिळून एकच नळी. आंबटानं चरबी कापली जाते, असं माझी आई म्हणायची. परसात पोमेलोचं झाड लगडलेलं होतं. पपनसाचाच भाऊबंद, जरा कडवट. रोज दुपारी मी मोठं भांडं भरून रस पिळायचे आणि समोर बसून त्याला पाजायचे.

थोड्याच दिवसांत त्याच्या मांड्या दुखायला लागल्या. घरांची छपरं दुरुस्त करणारा माणूस, त्याला शिडी चढवेना. मी रस वाढवला. दुखणं बळावलं. मग एके दिवशी आपोआप थांबलं, आणि मी शेजारणींसमोर मिरवून घेतलं. पोमेलोपुढे डॉक्टर काय चीज आहे, असंसुद्धा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्याची कामाची विजार धुताना खिशातून गोळ्यांचा ओला लगदा निघाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला बसमध्ये बसवलं आणि थेट ओवेलारबाईंसमोर नेऊन उभं केलं.

रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल पुन्हा चढलेलं. आता त्या त्याला झापणार म्हणून मी सरसावून बसले. पण त्यांनी एवढंच विचारलं, की पोमेलो बंद केला होता ना? या गोळीबरोबर त्याचा रस चालत नाही, त्यानं औषध रक्तात साठत जातं आणि स्नायू दुखतात. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणाल्या. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. मी नेमेसिओकडे पाहिलं. दोन्ही कान लाल.

संत्र्याचा रस चालेल, गोळी आजपासून पुन्हा सुरू, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. बसथांब्यावरच्या बाकावर मी त्याला धरलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग माझा रस ओतून द्यायचा होतास. गोळी का टाकलीस, अरे गाढवा?"

तो वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"इस्पितळात तू जेवत नव्हतीस," तो म्हणाला. "घरी आल्यावरही तोंड सुकलेलंच. पहिल्यांदा रस पिळलास त्या दिवशी तू हसलीस. म्हणालीस, बघ, मी कसा ठणठणीत करते तुला. आता त्यानंच माझे पाय दुखतायत, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? दोन्ही एकत्र चालत नव्हतं. एक सोडायचं होतं. मी गोळी सोडली."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारी बसलेली बाई सरकून बसली. मला त्याला बदडावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. मी त्याचा हात घट्ट धरला.

"नेमेसिओ, तुला बरं करायची मला हौस नव्हती रे," मी म्हटलं. "तू जाशील म्हणून मला भीती वाटत होती. रात्रंदिवस. त्या भीतीपायी पिळत होते मी."

त्यानं मान वर केली. एवढं साधं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

"मलापण भीती वाटते," तो म्हणाला.