अ‍ॅकॉर्डियनचा पंचनामा

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढे सरका, ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातले विजेचे मीटर तपासलेल्या एका माणसाची ही गोष्ट. मधे मधे हसू आलं तर खुशाल हसा, देवालाही आलं असेल. पण संपेपर्यंत उठू नका, एवढंच मागणं.

तर गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं अ‍ॅकॉर्डियन आडवं ठेवून बसले होते. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात लाखेची कांडी. अ‍ॅकॉर्डियनचा भाता लाकडी अंगाला बारीक खिळ्यांनी जोडलेला असतो. ते खिळे काढले की पेटी पुस्तकासारखी उघडते आणि आतले सूर, म्हणजे धातूच्या बारीक पात्या, दिसतात. त्या एकेका खिळ्यावर ते लाखेचा लाल थेंब पाडत होते. थेंब पडला की फुंकर, फुंकर मारली की पुढचा खिळा.

"बाबा, बेल तीनदा वाजवली मी," लेक दारातून म्हणाली. शेवटी तिने आपल्याच किल्लीने दार उघडलं होतं.

"वाजली नाही."

"वाजली. खालच्या आजी दार उघडून बघायला आल्या."

"मग बटणात कोणीतरी गडबड केलीय. बघतो उद्या."

लेकीने टेबलाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "आणि हे काय? पार्सल पाठवताय का पेटीचं?"

"सील करतोय. क्लबात माझ्या पेटीशी कोणीतरी खेळतंय."

"कोण खेळेल हो तुमच्या पेटीशी?"

"तेच तर बघायचंय. संशय कोणीही घेतं, अगं. पुरावा लागतो."

हे वाक्य त्यांच्या नोकरीतलं. कोणाच्या मीटरचं चाक हळू फिरतंय, कोणी मागून तार ओढलीय, हे त्यांना उंबरठ्यावरच वासाने कळायचं म्हणत. घरमालक गरजेपेक्षा गोड बोलला की ते आधी टॉर्च काढत. निवृत्त झाल्यावर टॉर्च जमा करावा लागला. नजर कशी जमा करणार? क्लबातले लोक त्यांना मीटरकाका म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं.

क्लब म्हणजे जुन्या टपाल कचेरीतली पत्रं वाटायची खोली. भिंतीवर अजून ती लाकडी खणांची मांडणी होती, आणि ज्या खणांत एके काळी गल्ल्यांची पत्रं पडायची, त्यांत आता अकरा जणांचे स्वरलेखनाचे कागद पडायचे. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चार वाजता हे अकरा जण जमत. पट्टे खांद्यावर चढवत, कुरकुरत, एकमेकांच्या पोटांवरून विनोद करत बसत. मग मास्तर हात वर करत. हे मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, मेळ चालवणारे. त्यांचा हात वर गेला की अकरा अंगठे हवेच्या बटणावर जात आणि अकराही भाते एकदम उघडत. सूर नाही, नुसती हवा. सगळ्या खोलीने एक श्वास घ्यावा तसा आवाज. हा त्या क्लबाचा नेम होता. त्याशिवाय एकही सूर वाजत नसे.

त्या एका श्वासासाठी मीटरकाका दोन जिने चढून येत. बायको गेल्यावर त्यांना कोणाबरोबर एकत्र काही करायचं उरलंच नव्हतं. मी बरीच कीर्तनं ऐकली आहेत. हजार माणसं एकदम गप्प होतात त्या क्षणी देव आत येऊन बसतो, असं मला नेहमी वाटतं. काका देवाचं नाव फारसं घेत नसत, पण त्या श्वासाला डोळे मिटत.

आणि त्यांच्याकडे एक जागा होती. वार्षिक कार्यक्रमातल्या शेवटच्या चालीत, सगळे मंद झाले की, उजव्या हाताच्या अगदी टोकाच्या पट्ट्यांवर आठ ओळींची एक किलबिल यायची. क्लबात तिला 'चिमणी' म्हणत. नऊ वर्षं चिमणी मीटरकाकांची होती.

गेल्या चार महिन्यांत मात्र चिमणीचा आवाज बसत चालला होता. आधी वरचे दोन सूर पुसट झाले, मग चार. काका भाता जोर लावून दाबू लागले. तरी सूर जणू गोधडीखालून यायचे. त्यांनी कागदावर तारीखवार टिपण ठेवलं. सुरांत काहीतरी कोंबलंय, आणि दर आठवड्याला थोडं थोडं कोंबलं जातंय. असा हळू हात त्यांनी मीटरचोरांतही क्वचित पाहिला होता.

पेट्या क्लबातल्या कपाटात राहायच्या; सील करण्यापुरती काकांनी आपली घरी आणली होती. किल्ली मेणबाईंकडे. या बाई अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करायच्या. सूर मेणात बसवलेले असतात, म्हणून हे नाव. आणि मेळात त्या बसायच्या थेट काकांच्या उजव्या हाताला. किल्ली आहे, कसब आहे, आणि चिमणीवर डोळा नसेल कशावरून?

खरी भीती वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी क्लबात एक म्हातारे घड्याळजी होते. बोटं आखडली म्हणून आधी त्यांची जागा दुसऱ्याला दिली, मग त्यांना 'मानद सदस्य' केलं, फुलं दिली, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते कधी दिसले नाहीत. कोणी त्यांना 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. काकांना चिमणी जाण्याची भीती नव्हती. चिमणीमागोमाग खुर्ची जाईल याची होती.

मंगळवारी ते सील केलेली पेटी घेऊन दोन जिने चढले. दारापाशी पोचले तेव्हा आत बोलणं चाललं होतं. त्यांचं पाऊल पडताच ते बंद झालं.

"या या मीटरकाका!" न्हावी मोठ्याने म्हणाला. हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाला आणि क्लबात सगळ्यांनाच बोलून भादरायचा. "आम्ही हवापाण्याचं बोलत होतो."

"हवापाणी मी आल्यावर संपलं वाटतं?"

मास्तर खणातले कागद उगाच सारखे करू लागले. काकांनी मनात टिपलं.

तालमीत मास्तर घसा साफ करून म्हणाले, "या वर्षी चिमणी... म्हणजे नुसता विचार आहे हं... तिघाचौघांनी मिळून वाजवली तर?"

"का?"

"भरीव वाटेल."

"चिमण्या भरीव कधीपासून झाल्या, मास्तर?"

न्हाव्याला एरवी अशा वाक्याचा आनंद झाला असता. तो आपले पट्टे आवळत बसला. मग काकांनी एकट्याने चिमणी वाजवली. होता नव्हता तो जोर लावून वाजवली, कपाळावरची शीर तटतटली. "काका, जरा बेताने," मागून कोणीतरी म्हणालं. वाजवून झाल्यावर त्यांनी उजवीकडे पाहिलं. मेणबाई घाईघाईने हात खाली घेत होत्या. त्यांच्या चिमटीत पांढरं काहीतरी होतं. ते त्यांनी कामाच्या अंगरख्याच्या खिशात टाकलं.

कापूस!

देवा रे. काकांना आता काही पाहायचं उरलं नाही. सुरांच्या तोंडाशी कापूस बसवला की आवाज तसाच होणार, गोधडीखालचा.

शनिवारी ते अर्धा तास आधी गेले. मेणबाईंनी कपाट उघडताच आपली पेटी काढून घेतली. सगळं सील शाबूत होतं. एकही थेंब तडकला नव्हता. दुसऱ्या कोणाच्या मनातला संशय इथे विझला असता. यांचा दुप्पट झाला. सील न तोडता आत हात घालते म्हणजे बाई पोचलेली आहे!

सगळे जमले. मास्तरांनी हात वर केला. अंगठे बटणांवर गेले.

"थांबा," मीटरकाका उभे राहिले. पेटी टेबलावर ठेवली. "आधी पंचनामा. माझ्या पेटीत कापूस कोंबलाय. कोणी, ते मला माहीत आहे. पण मी नाव घेणार नाही. पेटी उघडा, सगळ्यांसमोर."

"काका, सील तर धड दिसतंय," न्हावी वाकून म्हणाला. "चोर काय भोकातून फुंकर मारून गेला?"

"तू गप रे. बाई, तुम्हीच उघडा. तुमच्या हातचं तुम्हाला ओळखू येईल."

आता नाव घ्यायचं काही राहिलंच नव्हतं. मास्तर "अहो, अहो" करत पुढे आले. मेणबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. त्या उठल्या, हत्यारांची पेटी आणली, लाखेचा एकेक थेंब खरवडून खिळे उपसले. भाता सुटला. आत लाकडी पट्ट्यांवर सुरांच्या रांगा, पिवळ्या मेणात बसवलेल्या, हिरड्यांतल्या दातांसारख्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा सरकवून पाहिलं. मग लेकीच्या मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. तो त्यांनी मुद्दाम मागून आणला होता. धूळ नव्हती. कापसाचा तंतू नव्हता.

"मग तुमच्या खिशात काय होतं मंगळवारी?"

बाईंनी खिशात हात घातला आणि बोळा काढून टेबलावर ठेवला. "हा ना? हा माझ्या कानातला आहे, काका."

"कानातला?"

"डाव्या कानातला. तुमच्या शेजारी बसते ना मी. तुम्ही भाता इतका दाबता की वरचे सूर कानात सुईसारखे जातात. पहिल्या महिन्यात वाटलं, होईल कमी. झालं नाही."

बाईंनी पेटी पुन्हा जोडली, पट्टा खांद्यावर घेतला. "मी खालून वर जाते. थांबलं असं वाटलं की सांगा."

त्या एकेक पट्टी दाबू लागल्या. काकांना सूर ऐकू येत होते. मग बारीक झाले. मग नुसतं बोट पट्टीवर पडल्याचा टकटक आवाज. त्यांनी बाईंचा हात पाहिला. बोट अजून वर सरकत होतं, भाता हलत होता. न्हाव्याने डोळे बारीक केले. मास्तरांनी मान थोडी तिरकी केली. दर वेळी, दर पट्टीला. दहा चेहऱ्यांवर सूर लागत होता आणि काकांपाशी येत नव्हता.

बोट शेवटच्या पट्टीवर थांबलं. काका सोडून सगळ्यांनी श्वास सोडला.

काकांनी मोबाइलची बॅटरी बंद केली. मीटरच्या नोकरीत एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नव्हती. तक्रार खोटी निघाली की तसं स्पष्ट लिहायचं, स्वतःच्या हाताने, आणि घरमालकाला मोठ्याने वाचून दाखवायचं. कित्येक तपासनीस ते टाळत. हे टाळत नसत.

"मास्तर, खडू आहे ना? लिहून घ्या," ते म्हणाले. आवाज सरकारी होता. "पेटी तपासली. सील शाबूत. पेटीत दोष नाही. कोणाचा हात लागलेला नाही." ते थांबले. "दोष तक्रारदाराच्या कानात."

मास्तरांनी खडू हातात घेतला, पण फळ्याकडे वळले नाहीत.

"बाई, माझं चुकलं. फार चुकलं." त्यांनी हात जोडले. "चार महिने कळत होतं, तर सांगितलं का नाही?"

"मंगळवारी तेच तर ठरवत होतो, कोणी सांगायचं ते. मास्तर म्हणाले न्हाव्याने, न्हावी म्हणाला मास्तरांनी." बाईंनी पट्टा उतरवला. "आणि मी म्हटलं, सांगितलं की ते यायचे बंद होतील. घड्याळजी नाही का झाले."

म्हणजे घड्याळजींचं झालं तेच काकांचं होईल, ही भीती दोघांनाही होती. काका खाली बसले. "चिमणी तुम्ही घ्या."

"मला नको."

"घ्या हो. फक्त तिसऱ्या ओळीत चौथं बोट वापरू नका, अडकतं. मी दाखवीन." मग त्यांनी जे विचारलं ते इतक्या हळू, की मागच्यांना ऐकू आलं नाही. "मी... मंगळवारी येऊ का?"

"बघा, परवानगी मागतायत!" न्हावी म्हणाला. त्याने एक खुर्ची उचलून मागच्या रांगेत डावीकडे आदळली. "इथे खर्जाला कोणी नाही. मी दोन वर्षं ओरडतोय. डाव्या हाताची बटणं ऐकू येतात ना?"

काकांनी पेटी गळ्यात घेतली आणि डाव्या हाताने सर्वांत खालचं बटण दाबलं. सूर आला. कानात आला, आणि लाकडातून बरगड्यांतही उतरला. त्यांनी मान हलवली.

"मग वाद कसला?" मास्तर म्हणाले, आणि हात वर केला.

कार्यक्रमाला खोली भरली होती. लेक तिसऱ्या रांगेत. शेवटची चाल मंद झाली. चिमणीखाली मास्तरांनी एकच लांब खर्ज लिहिला होता, आठही ओळी धरून ठेवायचा, भाता न उलटवता. तो काकांचा. मेणबाईंची बोटं टोकाकडे गेली. काकांना ऐकू येत होता तो फक्त स्वतःचा सूर, घरातल्या जमिनीसारखा सपाट. चिमणी कुठवर आली हे कळायला बाईंच्या उजव्या खांद्याखेरीज दुसरं साधन नव्हतं. त्यांनी खांद्यावर नजर ठेवली. भाता संपत आला, तरी केसभर केसभर उघडत त्यांनी सूर सुटू दिला नाही. ज्याला आपण आधार देतोय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. खांदा खाली आला, तेव्हा त्यांनी बटण सोडलं.

बस, इतकंच. आता उठा, घरी जा. पण कधी असा मेळ ऐकायला बसलात आणि वरचा गोड सूर ऐकून मान डोलली, तर मागच्या रांगेत, डावीकडे बसलेल्या माणसाचं एकदा स्मरण करा.