पिवळी रेघ

नट आवळून झाला की ताई त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ पडली की विषय संपला. त्या नटाला मग गॅरेजातल्या कुणीही पुन्हा पाना लावायचा नाही. लावणं म्हणजे ताईला तिच्या तोंडावर खोटं पाडणं. दुसरा नियम गिऱ्हाइकांसाठी होता: काढलेलं दाखवायचं, घातलेलं सांगायचं. इंजिनातून निघालेला प्रत्येक झिजका तुकडा पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून ती गिऱ्हाइकापुढे ठेवायची, मग त्या बिचाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी. लोक म्हणायचे, ताईकडे गाडी टाकावी आणि घरी जाऊन खुशाल झोपावं.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. वय चौतीस, वजन जेमतेम पंचावन्न किलो, आणि हे नाव त्याला लहानपणी ताईनेच चिकटवलेलं. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. तिने गॅरेज अंगावर घेतलं आणि गॅरेजबरोबर त्यालाही. इंजिन बांधायचं तिने आणि पळवायचं त्याने, ही वाटणी कधी झाली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मोटरसायकलने घाट चढायच्या शर्यतीत तो आठ वर्षं उतरत होता. ताईची रेघ दिसली की डोळे मिटून ॲक्सिलरेटरची मूठ पिळायची, असं तो म्हणायचा. डोळे उघडे ठेवत असणार, नाहीतर आठ वर्षं टिकला नसता.

सात महिन्यांपूर्वी सरावात, घाटातल्या लांब सरळ पट्ट्यावर, रस्त्याकडेच्या सातव्या दगडापाशी, मूठ पुरती पिळलेली असताना इंजिन जाम झालं. खडखड नाही, धूर नाही, आधी कसली सूचनाही नाही. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी झाली आणि बारक्या कठड्यापर्यंत घासत गेला. खांद्याजवळचं हाड मोडलं. हाडाचं काय, ते दीड महिन्यात जुळलं. पण ज्याच्यावर आपण भार टाकून बसलो होतो तेच पायाखालून निघून गेलं, हे काही प्लास्टरमध्ये घालून जुळत नाही.

तो हॉस्पिटलात पडलेला असतानाच ताईने इंजिन उघडलं. ट्रे घेऊन ती थेट खाटेपाशी आली. तेलाविना जळून काळे पडलेले तुकडे त्यात ओळीने मांडले होते.

"फार ताणलंस रे," ती म्हणाली. "एवढं ताणल्यावर तेल वर पोचणार तरी कसं?"

"चुकलं माझं, ताई. तुझ्या एवढ्या मेहनतीची माती केली."

"जाऊ दे," ताई म्हणाली आणि ट्रेवर फडकं टाकलं.

ताईने इंजिन पुन्हा बांधलं, सगळीकडे रेघा ओढल्या आणि गाडी त्याच्या हवाली केली. पण आता चालवणारा वेगळाच होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी याची डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर. इंजिन जाम झालंच तर पटकन दाबता यावा म्हणून. सरळ पट्टा आला की कान इंजिनाकडे, डोळे सातव्या दगडाकडे आणि पोटात गोळा. बायको म्हणाली, "विका ती गाडी आणि शिलाई मशीन घ्या. तीही जाम होते, पण पाडत तरी नाही."

पूर्वी जो घाट तो पावणेचार मिनिटांच्या आत चढायचा, त्याला आता सव्वाचारच्या वर लागत होती. शनिवारी निवड चाचणी होती. चार मिनिटांच्या आत चढलं तरच शर्यतीत नाव लागणार. नाव लागलं नाही तर गाडी विकायची आणि उरलेला जन्म लोकांची पंक्चरं काढायची, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. घरी बोलून दाखवलं नव्हतं, कारण बायकोने लगेच मशीनचा रंग विचारला असता.

"ताई, गाडी वरच्या टप्प्यात खेचत नाही गं," असं त्याने दोनदा सांगून पाहिलं.

"गाडी उत्तम खेचतेय," ताई दोन्ही वेळा म्हणाली. "तुझी मूठ अर्ध्यात बंद होते. मन घाबरलं की हात आपोआप आवरतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. घाई करू नकोस, येईल धीर."

ताई म्हणते म्हणजे तसंच असणार. या हातानेच आपला घात चालवलाय असं धरून बारक्या रात्री जेवताना स्वतःच्या उजव्या हाताकडे रागाने बघायचा. मागच्या आठवड्यात त्याने पुन्हा तिची माफी मागितली. म्हणाला, एकदा तुझं इंजिन फुंकून टाकलं आणि आता नवंही वाया घालवतोय. ताईने पाना खाली न ठेवताच "जाऊ दे रे" म्हटलं होतं.

गुरुवारी पहाटे त्याने स्वतःची चोरी पकडायचं ठरवलं. मूठ पूर्ण पिळून धरली, तिच्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण केली आणि शेजारच्या पक्क्या भागावर, तिच्या बरोबर समोर, दुसरी. मूठ पुरती उघडली तरच दोन्ही खुणा जुळणार. मग कळेल हात कुठे कच खातो ते.

उजाडता उजाडता तो घाटाला लागला. सरळ पट्टा आला, त्याने मूठ पिळली आणि क्षणभर खाली पाहिलं.

खुणा जुळल्या होत्या.

इंजिन मात्र एका सुरावर येऊन तिथेच घुटमळत होतं. नाक दाबून धरलेल्या माणसाने धावावं तसं. त्याने मूठ सोडली, पुन्हा पिळली. पुन्हा जुळल्या. तिसऱ्यांदाही. सातव्या दगडापाशी गाडी बाजूला घेऊन तो कठड्यावर बसला आणि उजव्या हाताकडे बघत राहिला. इतके महिने ज्याला शिव्या घातल्या तो हात बिचारा आपलं काम चोख करत होता.

मग त्याने हत्यारांची गुंडाळी सोडली. कार्ब्युरेटर इंजिनाला धरून ठेवणारे दोन नट होते, दोघांवर पिवळी रेघ. पाना हातात घेऊन तो बराच वेळ थांबला. तेवीस वर्षांत ताईच्या रेघेवर त्याने कधी पाना ठेवला नव्हता. शेवटी ठेवला. रेघ मधोमध तुटली.

आत, जिथून इंजिन श्वास घेतं त्या वाटेत, एक पातळ चकती बसवलेली होती. ॲल्युमिनियमची, हाताने कापलेली, मधे करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक. कडा कानशीने घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोट फिरवताना कुठे खुपत नव्हतं. असं काम अख्ख्या बाजारात एकच हात करत होता. त्याच हाताने त्याला सायकल शिकवताना मागून सीट धरली होती.

परक्याने मारलं तर माणूस निदान बोंब तरी मारतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर फिर्याद कुणाकडे न्यायची? ती रोज सकाळी त्याला धीर देत होती, पाठीवर हात ठेवत होती, आणि तिने स्वतःच त्याच्या नाकाला बोळा लावून ठेवला होता. वर सांगत होती, तू घाबरलायस. त्याला रडूही आलं नाही. फक्त राग आला, इतका की चकती खिशात टाकून नट आवळताना त्याचं बोट सोलून निघालं आणि त्याला ते कळलंही नाही.

गाडी वळवून तो पायथ्याशी गेला. टाकीला बांधलेलं घड्याळ दाबलं आणि सुटला.

पहिल्या दोन वळणांतच इंजिन मोकळं झाल्याचं कळलं. सात महिन्यांत विसरलेला तो आवाज वर वर चढत गेला आणि चढतच राहिला. वळणाआधी ब्रेक, गुडघा बाहेर, गाडी झोपवायची, मूठ पिळून उभी करायची; अंग सगळं आठवून करत होतं. सरळ पट्टा आला. सातवा दगड लांबून दिसला आणि पोटात गोळा आलाच, तो काही गेला नव्हता. पण त्याच्यावर रागाचा असा भरघोस थर बसला होता की गोळ्याला हलायला जागा नव्हती. त्याने मूठ पिळली आणि पिळूनच ठेवली. दगड आला आणि गेला. पुढच्या वळणावर त्याच्या लक्षात आलं की डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर नाहीत, मुठीवर आहेत. कधी गेली तिथे, देव जाणे.

माथ्यावर घड्याळ दाबलं. तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण असा आनंद झाला की आधी ताईला सांगायचं, ही जन्माची सवय. ती आठवली आणि तोंड कडू झालं.

गॅरेजात ताई स्टुलावर बसून एक व्हॉल्व्ह घासत होती. बारक्याने भिंतीवरचा ट्रे काढला, तिच्यासमोर ठेवला आणि त्यात चकती टाकली.

"काढलेलं दाखवायचं असतं ना," तो म्हणाला. "दाखवतोय."

ताईचा हात थांबला. चकतीकडे तिने बघितलंच नाही, त्याच्याकडे बघितलं. "चढून आलास? कितीत?"

"तीन एकेचाळीस."

तिचा चेहरा उजळला. शरमेच्या आधी आनंद येऊन गेला, आणि बारक्याला त्याचाच जास्त राग आला.

"घाबरलीस तू, आणि भीती माझ्या नावावर खपवलीस! मी स्वतःला भित्रा समजत होतो, ताई. रात्र रात्र. केसाने गळा कापलास माझा. माझ्या मुठीवर एवढा अविश्वास होता तर तोंडावर सांगायचं."

"तुझ्या मुठीला नाही रे घाबरले मी," ताई म्हणाली.

ती उठली. कपाटातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून तिने एक लहानशी डबी काढली आणि ट्रेमध्ये, चकतीच्या शेजारी, उपडी केली. आतून करड्या रंगाचा, रबरासारखा एक वळलेला तुकडा पडला. कापलेल्या नखापेक्षा जरासा मोठा असेल.

"पॅकिंग बसवायची पेस्ट आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून जास्त लागली. आतल्या बाजूला सांडली, सुटली आणि तेलाच्या भोकात जाऊन बसली. वर तेल पोचलंच नाही. तू काही ताणलं नव्हतंस. रोजच्यासारखाच चालवत होतास."

बारक्या त्या तुकड्याकडे बघत राहिला. एवढासा. फुंकर मारली तर उडून जाईल.

"नवीन इंजिन मी सात वेळा उघडून पाहिलं," ताई बोलत होती. "सगळं नीट होतं. तरी हातावरचा विश्वासच उडाला माझा. वाटलं, कमी पळालं तर कमी ताण येईल. पुन्हा काही राहिलं असेल तर निदान हळू असताना..."

"मी तुझी माफी मागितली होती," बारक्या म्हणाला. आवाज चढला नव्हता.

ताईने रिकाम्या डबीला झाकण लावलं.

"एकदा हॉस्पिटलात, एकदा मागच्या आठवड्यात. आणि दोन्ही वेळा तू 'जाऊ दे' म्हणालीस."

"सांगितलं असतं तर पुन्हा बसला असतास माझ्या इंजिनावर?"

"बसलो असतो."

हे खरं होतं, आणि खरं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. ताई स्टुलावर बसली. बारक्याने बाहेरून गाडी आत आणली, मधल्या स्टँडवर चढवली आणि भिंतीवरून पाना उचलला.

पहिली पिवळी रेघ इंजिनाच्या डोक्यावर होती. त्याने पाना लावला आणि जोर दिला. नट हलला नाही. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. गॅरेजात पहिल्यांदाच ताईच्या रेघांवर कुणीतरी पाना फिरवत होतं, आणि तेही तिच्या डोळ्यांसमोर. ती उठून गेली नाही. इंजिनाचे झाले, मग पुढच्या चाकाचे, मग हँडलचे. सगळे घट्ट. एकही सूतभरसुद्धा हलला नाही. तरी तो थांबला नाही, क्रमाने पुढच्या रेघेवर जात राहिला, आणि मागच्या चाकापाशी आल्यावर पाना पुसून सरळ उभा राहिला.

"साखळीकडचा खालचा राहिला," ताई म्हणाली.

तो पुन्हा खाली बसला आणि त्याने तोही तपासला.