मुलखाबाहेरचं नाव

पाकिटावरच्या तिकिटाचा एक कोपरा सुटला होता. देवदत्त तो अंगठ्याने दाबत बसले होते. दाबला की बसायचा, सोडला की पुन्हा वर. स्टॅन्ली मझूरचं पत्र... नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी आलेलं, आणि आता मुलाच्या, केदारच्या, नव्या नोकरीपायी आयसेलिनचं घर टेक्सासातल्या फ्रिस्कोला न्यायची खोकी भरली जात होती, तरी उत्तर गेलंच नव्हतं.

स्टॅन्ली ऑफिसात शेजारच्या टेबलाशी बसायचा. बाकी सगळ्यांनी देवदत्तचं ‘डेव्ह’ करून टाकलं. तो एकटा, अडखळत का होईना, आडनावाने ‘चौलकर’ म्हणायचा. पत्रात विचारलं होतं त्याने इतकंच—तू पुस्तकं वाचतोस, माझं आडनाव मझूर म्हणजे काय ते सांग. डोळे चाललेत, तेव्हा लवकर लिही, आणि मोठ्या अक्षरात.

लवकर... देवदत्तांच्या मनात आलं, मी आधी मझूर हे गावच समजलो, आपल्याकडच्या ‘कर’ आडनावांसारखं. नकाशावर बोट फिरवत राहिलो, गाव मिळेना. मग लायब्ररीत कळलं, पोलंडात माझोव्शे नावाचा मुलूख आहे, तिथला माणूस तो मझूर. पण हे आडनाव जास्त सापडतं दक्षिणेकडे, त्या मुलखाबाहेर. असं का? आणखी एखादं पुस्तक बघावं... दिसेनासं होत चाललेल्या माणसाला चुकीचं कसं सांगायचं?

“बाबा, अजून तेच पत्र?” खोक्याला टेप लावत सुवर्णा म्हणाली. “थीसिस नकोय हो त्यांना.”

“खात्री नाही गं होत.”

“खात्री होईपर्यंत आपण टेक्सासात. तिथे सगळे आपल्याला आयसेलिनकर म्हणतील बघा.”

सुनेच्या थट्टेवर ते हसले—आणि हसू तसंच ओठांवर राहिलं. चौलात आम्हाला चौलकर म्हणत होतं कोण? तिथे सगळेच चौलचे. पणजोबा मुंबईला आले, तेव्हा शेजाऱ्यांनी... म्हणजे मझूरसुद्धा माझोव्शेत असेपर्यंत मझूर नसेल. दक्षिणेला उतरला आणि परक्या गावाने त्याला अशी हाक मारली... असेल?

त्यांनी नातीचा, स्वानंदीचा, जाड मार्कर घेतला. एका ओळीत तीनचार शब्दच मावत होते. सुरुवातीला ‘मला वाटतं’ लिहिलं, ते खोडलं नाही. शेवटी विचारलं, माझोव्शेतून निघण्याआधी तुझ्या पूर्वजांना तिथे काय म्हणत असतील?

कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीत पाकीट टाकून ते तिथेच उभे राहिले. मागे आपला पत्ता फ्रिस्कोचा लिहिला होता. इतके दिवस त्या गावाचं नाव निघालं की ते विषय बदलायचे... तिथले लोक आपल्याला काय म्हणतील—आज पहिल्यांदाच बघावंसं वाटलं.