अजून न घेतलेला डेस्कटॉप

वसतिगृहात डेस्कटॉप चालत नाही. एका बेडमागे एक प्लग, असा तिथला नियम, आणि त्या एका प्लगवर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि यूपीएस असं अख्खं कुटुंब पोसता येत नाही. लॅपटॉप चालतो. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरात 'लॅपटॉप' म्हणजे मी जाणार आणि 'डेस्कटॉप' म्हणजे मी राहणार, इतकं सोपं गणित होतं. ते कुणीही मोठ्याने मांडलं नाही. आम्ही फक्त ग्राफिक्स कार्डावर बोलत होतो.

मला अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कॉलेज लांब. घरून रोज जाऊन-येऊन करता येतं, पण मग बसमध्ये अभ्यास, बसमध्ये झोप आणि पुढेमागे बसमध्येच लग्न उरकावं लागलं असतं. वसतिगृहात एक जागा माझ्यासाठी अडवून ठेवलेली होती. हवी की नको, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मला हवी होती. हे मी घरातली माणसं सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा राँग नंबर लागलेल्या एका गृहस्थांनाही सांगितलं. ते म्हणाले, "जा की मग."

तेव्हापासून माझ्या पोटात काहीतरी सतत चालू असायचं, जुन्या फ्रिजसारखं. मध्येच ते थांबलं की जास्त भीती वाटायची.

रविवारी सकाळी तज्ज्ञ आला. तज्ज्ञ म्हणजे माझा मावसभाऊ. त्याने एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद बाहेर काढला होता, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत वायर असलेली कुठलीही वस्तू त्याला विचारल्याशिवाय येत नाही. मावशीने मिक्सरसुद्धा त्याला विचारूनच घेतला. तो चालत नाही, हेही मग त्यानेच सांगितलं.

"सरळ हिशोब आहे मावशी," तो आईला म्हणाला. "तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो. हिला रेंडरिंग करायचंय. म्हणजे एकेक चित्र मशीन तासन्‌तास रंगवत बसणार. लॅपटॉप त्यात तापतो."

"तापतो?" आईने कान टवकारले.

"चांगलाच तापतो."

"आणि मांडीवर घेऊन बसायचं म्हणे त्याला!" आईने बाबांकडे पाहिलं. "ऐकलंत? तापतो."

आई दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. आत ड्रिल सुरू झालं की बाहेरच्यांना धीर देणं हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांची भीती घालवते आणि घरी आल्यावर स्वतःची काढून बसते.

"डेस्कटॉपला पुढेमागे काही जोडता येतं," तज्ज्ञ म्हणाला. "रॅम वाढवा, कार्ड बदला. लॅपटॉप आला तसाच राहतो."

"डेस्कटॉप घरात राहतो," बाबा म्हणाले.

"हो, म्हणजे, कुठेही राहतो..."

"घरात राहतो," बाबा पुन्हा म्हणाले. तज्ज्ञाने मान डोलावली. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं.

मी म्हणाले, "पण कॉलेजात वर्गात काम करायचं असेल तर..."

"मान दुखेल," आई म्हणाली. कशाने, ते तिने सांगितलं नाही.

बाबांचा धंदा घरं हलवण्याचा. घर जागेवरच राहतं, आतलं सगळं हलतं. त्यांचा एक टेम्पो आहे आणि एक डावा आहे. डावा म्हणजे त्यांचा जोडीदार. तो वस्तूची डावी बाजू धरतो, कायम, म्हणून डावा. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोला माहीत असावं. या दोघांची एक पद्धत आहे. मोठी वस्तू उचलण्याआधी ते तिच्या मापाएवढे हात फैलावून रिकाम्या हातांनी सगळ्या वाटेने एकदा चालून येतात. जिना, वळण, दाराची चौकट. याला ते कोरी फेरी म्हणतात. हवा भिंतीला घासली तर रंग उडत नाही, असं बाबांचं म्हणणं.

तर त्याच रविवारी बाबांनी डाव्याला बोलावलं आणि अजून न घेतलेल्या डेस्कटॉपची कोरी फेरी काढली.

आधी टेबल आलं. बाबा पुढे, डावा मागे, मधे काही नाही. जिन्याच्या वळणावर बाबा ओरडले, "तुझ्याकडून उचल, उचल!" डाव्याने हवा खांद्यापर्यंत उचलली. खालच्या मजल्यावरच्या काकू भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"जड आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"आहे," डावा म्हणाला. त्याच्या कपाळावर खरा घाम होता.

मग मॉनिटर आला, मग कॅबिनेट, मग यूपीएस. यूपीएस आईने आणला, एकटीने, पोटाशी धरून. तज्ज्ञ पुढे धावत "वायर पायात येतेय, वायर!" असं ओरडत होता. मी दारात उभी राहून हे सगळं पाहत होते. हीच वेळ होती सांगायची. पण चार माणसं इतक्या काळजीने काही वाहून आणत असताना त्यांना 'नको' कसं म्हणायचं? हातातून पडलं असतं.

माझ्या खोलीत येऊन बाबा थांबले. "टेबल बसत नाही."

"पलंग आडवा येतोय," डावा म्हणाला.

"मग काढू."

पलंग मात्र खरा होता. त्यांनी तो उचलला, जिन्यावरून उतरवला, टेम्पोत ठेवला. आणि इथे बाबांच्या धंद्यातला दुसरा नियम आला. खाली उतरलेलं सामान परत वर चढवायचं नाही. गिऱ्हाईकाने हातापाया पडून सांगितलं तरी नाही, कारण मग काम संपतच नाही. दुपारी त्यांना एका कुटुंबाचं सामान हलवायचं होतं. त्या लोकांना एक पलंग कमी पडत होता. टेम्पोत एक जास्त होता.

जेवणं झाल्यावर मी खोलीत गेले आणि परत बाहेर आले.

"मी झोपू कुठे?"

बाबांनी खोलीत डोकावलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टेबलाखाली बसेल गादी."

"कुठल्या टेबलाखाली, बाबा?"

मला घरात ठेवून घेण्यासाठी माझ्या अंथरुणाची जागा काढून टाकण्यात आली होती, आणि चूक कुणाचीच नव्हती. सगळे फार मनापासून वागले होते. मी हॉलमध्ये सोफा आणि शिवणयंत्र यांच्या मधल्या फटीत गादी घातली. कूस बदलायची तर आधी तिथून बाहेर यावं लागायचं.

सोमवारपासून डेस्कटॉप घरात राहू लागला. आई केर काढताना त्या कोपऱ्याला वळसा घालायची. बाबांनी एकदा ओला टॉवेल तिथे टाकायला हात उचलला आणि चपापून मागे घेतला. तज्ज्ञ संध्याकाळी येऊन खुर्ची थोडी बाजूला सरकवून गेला, मशीनच्या मागे हवा खेळती राहायला पाहिजे म्हणाला. आणि मी, जिला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं, तीसुद्धा खोलीत चहा घेऊन जाताना त्या बाजूला जपून चालायला लागले. सांडला असता तर?

मी आरशासमोर वाक्य पाठ करत होते. 'बाबा, मला लॅपटॉप हवाय.' साधं वाक्य. पण 'बाबा' म्हणेपर्यंत ठीक असायचं, पुढे तोंडातून भलतंच निघायचं. मंगळवारी निघालं, 'बाबा, मला जरा मीठ द्या.' आमच्यात मीठ नव्हतं, दूरदूरपर्यंत. आम्ही गॅलरीत उभे होतो.

बुधवारी मी मुद्दाम टेम्पोत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. डावा मागे सामानात होता. सिग्नल लागला तसं मी म्हणाले, "बाबा, समजा मशीन हलकं असलं तर..."

"हलक्या वस्तूचा भरवसा नाही, पार्सल," बाबा म्हणाले. लहानपणी मी टेम्पोतच हिंडायचे म्हणून मला ते पार्सल म्हणतात. "किती घरं रिकामी केली मी. जड सामान शेवटपर्यंत थांबतं. कपाट थांबतं, फ्रिज थांबतो. हलकं आधी जातं. त्यातही लोक काय सांगतात माहितीये? पोरांची खोली पहिली काढा. आणि त्या खोलीत पोरं नसतातच. कुठेतरी लांब असतात. आम्ही त्यांची बक्षिसं आणि बूट खोक्यात भरतो. वर लिहितो, 'नाजूक'."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. बाबा गिअर टाकायला विसरले होते.

माझ्या पोटातला फ्रिज थांबला. त्या क्षणी मी स्वतःच जाऊन सगळ्यात जड कॅबिनेट घेऊन आले असते, लोखंडी, तळाला चाकं नसलेलं. घरी आल्यावर मी कॉलेजच्या बसचं वेळापत्रक काढून बघितलं. पहिली बस इतक्या पहाटे होती की तिला पहाट म्हणणं हा पहाटेवर अन्याय होता.

शुक्रवारी आईची सुट्टी होती. बाबा आणि डावा जेवायला घरी आलेले. तज्ज्ञ होताच. माझा फोन बाबांच्या शेजारच्या प्लगला लावलेला होता, तो वाजला, आणि बाबांनी उचलला. त्यांना सगळे फोन स्पीकरवरच लागतात.

"वसतिगृहातून बोलतेय," एका बाईंचा आवाज आला. "तुमच्या मुलीसाठी बेड ठेवलाय. ठेवायचा की सोडायचा? माझ्याकडे रांग लागलीय."

डाव्याचा घास तोंडाजवळ थांबला. बाबांनी घसा साफ केला.

"कितव्या मजल्यावर आहे?" ते म्हणाले.

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही."

"जिन्याला वळणं किती?"

"अहो, मी मोजलेली नाहीत!"

"रुंद आहे का पण? दोन माणसं समोरासमोर आली तर?"

"एक थांबतं, दुसरं जातं," बाई म्हणाल्या. "साहेब, बेडचं काय?"

"लाकडी की लोखंडी?"

"लोखंडी. जमिनीत बोल्ट मारलेला आहे. तुमच्या-माझ्या बापाच्याने हलणार नाही."

बाबांनी डाव्याकडे पाहिलं. डाव्याने मान हलवली. दोघांच्याही चेहऱ्यावर त्या बेडबद्दल आदर होता.

"खिडकी आहे जवळ?"

"आहे. वारा येतो. झाड दिसतं. आता सांगा, मुलगी येतेय की नाही?"

बाबांनी फोनवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, मग हॉलमधल्या माझ्या गुंडाळलेल्या गादीकडे, जणू ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती.

"पार्सल," ते हळूच म्हणाले, "तुला इथे पलंगच नाही गं."

"तुम्हीच दिलात," आई म्हणाली.

"मीच दिला," बाबा म्हणाले. "जाऊन मागून आणू का? आणतो. लगेच आणतो. ए डाव्या, ऊठ."

डावा हातात घास तसाच धरून उठला. त्याने अख्ख्या आयुष्यात कधी सामान परत आणलं नव्हतं. बाबांनीही नाही. ते खरोखरच निघाले होते, फोन हातात घेऊन, दाराकडे, अनवाणी. मला कळलं की आता बोलले नाही तर पलंग परत येईल, नियम मोडून येईल, आणि मग मला कधीच बोलता येणार नाही.

"नका आणू," मी म्हणाले.

बाबा थांबले. त्यांचा तळहात फोनवरून सरकला.

"हॅलो?" बाई म्हणाल्या.

"येणार," मी म्हणाले. पाठ केलेलं वाक्य वेगळंच होतं. त्यातलं काहीच आलं नाही, एवढंच बाहेर आलं. "मी येणार आहे."

"बरं. येताना उशी आणा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बाबा दारातच उभे राहिले. डावा खाली बसला आणि त्याने घास खाल्ला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, उचकी आली. आई माझ्याकडे बघत होती. मी तिला दवाखान्यात असं बघताना पाहिलंय, नाव पुकारलं तरी जागचा न उठणाऱ्या माणसाकडे.

"तापतो ना पण तो?" शेवटी ती म्हणाली.

"तापतो," मी म्हणाले.

"मग मांडीवर घ्यायचा नाही. टेबल असेल ना तिथे?"

"असेल."

"बॅटरी किती वेळ चालते?"

आम्ही सगळ्यांनी तज्ज्ञाकडे पाहिलं. "रेंडरिंग नाही केलं तर पाच तास," तो म्हणाला. "केलं तर विचारूच नका."

आईने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "बसला तीन लागतात," ती म्हणाली. "म्हणजे इथे येईपर्यंत पुरते."

"पुरते की," मी म्हणाले.

बाबा दारातून परत आले. ते चालत सरळ माझ्या खोलीपाशी गेले, आतल्या रिकाम्या कोपऱ्यातला भिंतीवरचा प्लग वाकून पाहिला आणि तिथलं बटण दोनदा दाबून बघितलं.

"चार्जर दोन घ्यायचे," ते म्हणाले. "एक इथे राहील."

तज्ज्ञाने सांगायला तोंड उघडलं की लॅपटॉपला दोन चार्जरची काहीएक गरज नसते, एकच पिशवीत टाकून नेता येतो. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"घ्या," तज्ज्ञ म्हणाला. "दोन असलेले बरे."