डावखुरीचा डाख

तलासरीच्या भंगाराच्या शेडमध्ये जुने स्टॅबिलायझर टेंपोने येऊन पडत. बायका ते खोलून तांबं, पत्रा आणि आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या वेगळ्या करत. रूपीचा हात सगळ्यांत चपळ. उंबरगावच्या कारखान्यात तिने पाच वर्षं असल्याच पट्ट्यांवर पार्ट बसवून वितळलेल्या कथिलाचा डाख दिला होता.

एका सोमवारी नवा माल आला आणि पट्ट्या फुटायला लागल्या. पार्ट उचकटायला गेलं की पट्टीच तुटे. मुकादम सुनिल वैतागून म्हणाला, ठोका आणि टाका ढिगात. ठोकलेल्या मालातलं निम्मं वाया जातं, हे त्यालाही ठाऊक होतं. रूपीने एक पट्टी पालथी केली. पार्टचे पाय डावीकडे वाकवलेले. कारखान्यात सगळ्या मुली उजवीकडे वाकवत. डावीकडे वाकवणारी एकच होती.

नरपडची कविता. दोघी एका बाकावर बसत, एका डब्यात जेवत. कारखाना बंद झाला त्या दिवशी दोघी फाटकापाशी नुसतं “येते गं” म्हणाल्या, जणू उद्या भेटायचंच होतं. पुढे कविताचं लग्न झालं, नंबर बदलला, आणि सहा वर्षं निघून गेली.

“उलट्या बाजूने उचला,” रूपी सुनिलला म्हणाली. “आधी पाय सरळ करा, मग डाख तापवा. ही डावखुरी होती.”

“कोण?”

“माझी मैत्रीण.”

त्याने करून पाहिलं. पार्ट अख्खा हातात आला. त्या दिवसापासून बायका प्रत्येक पट्टी आधी पालथी करून बघू लागल्या. आठवड्याभरात दिवसाच्या चाळीस पट्ट्यांच्या सत्तर झाल्या. सुनिलने रूपीला नव्या बायकांना शिकवायला नेमलं. रूपीला मात्र तो आठवडा जड गेला. कविताने जोडलेलं ती स्वतःच्या हाताने सोडवत होती. शेवटच्या चार-पाच पट्ट्या तिने मुद्दाम सावकाश खोलल्या.

रविवारी डहाणूची एसटी धरून ती नरपडला गेली. कविताची आई, हिराबाई, वाडीत चिकू निवडत होती. लेक सुरतेला असते, दोन वर्षांत आली नाही, फोन जावयाकडे असतो, असं तिने सांगितलं. रूपीने तिच्याकडून जावयाचा नंबर घेऊन तिथूनच लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही.

“तुझं नाव काढायची,” हिराबाई म्हणाली. “माझ्या डाव्या हाताला हसली नाही अशी एकच, म्हणायची.”

रूपीने फोन समोर मातीवर ठेवला आणि शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत ती हिराबाईबरोबर चिकू निवडत बसली.