स्टँडचा दुसरा अर्थ

फिजिओने गुडघ्याखाली हात घालून पाय वाकवला, तशी सासूबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. पायावर भार द्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण पायच मनावर घेत नव्हता. फिजिओला मराठीचा गंध नव्हता. एरवी सून मधे बसून एकीचं दुसरीला सांगायची. आत्ता ती दूध उतू जातंय म्हणून आत धावली होती.

"कॅन यू स्टँड इट?" फिजिओने पाय आणखी वाकवत विचारलं.

सगळ्या इंग्रजीत सासूबाईंचे दोनच शब्द पक्के होते, सिट आणि स्टँड. त्यातल्या सिटचा त्यांना वीट आला होता. जन्मभर शिलाई मशीन चालवलेली बाई. आता पाणी प्यायचं तरी हाक मारावी लागे. त्यांनी फिजिओचा हात बाजूला सारला, पाय खाली सोडले आणि वॉकर ओढला.

"नो, नो!"

"नो काय? तूच म्हणालीस ना!"

दातओठ खाऊन त्यांनी जोर लावला. कोपरं लटपटली. दुसऱ्यांदा लावला. सून हातात सांडशी घेऊन दारात आली, तेव्हा त्या उभ्या होत्या.

"अगंबाई! आई, कोणी सांगितलं उठायला?"

"हिनंच. स्टँड म्हणाली."

फिजिओने घाईघाईने काहीतरी सांगितलं आणि सून हसत सुटली.

"अहो, दुखणं सोसवतंय का, असं विचारत होती ती. स्टँड म्हणजे सोसणंसुद्धा."

"एकाच शब्दात दोन्ही?"

"हो ना. एखादी गोष्ट अगदी सोसवेनाशी झाली की म्हणतात, आय कान्ट स्टँड..."

सून मधेच थांबली.

मागच्या आठवड्यात ती गॅलरीत बहिणीशी फोनवर बोलत होती. "ताई, आय कान्ट स्टँड हर," एवढं सासूबाईंच्या कानावर पडलं होतं, आणि पाठोपाठ तिचं रडणं. आईंना उभं करणं जमत नाही म्हणून पोरगी रडतेय, असा त्यांनी अर्थ लावला होता. त्या दिवसापासून खोलीत कोणी नसलं की त्या एकट्याच पाय हलवत राहायच्या.

सासूबाईंची नजर गॅलरीच्या दाराकडे गेली, तशी सून सांडशी उघडत-मिटत राहिली.

"आई, मी तेव्हा..."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, केसांना सकाळपासून फणी लागलेली नव्हती.

"मला तरी माझ्या सासूबाई कुठे सोसवायच्या?" त्या म्हणाल्या. "हो बाजूला. मला दारापर्यंत यायचंय."

सून बाजूला झाली. मग पुन्हा पुढे आली, खाली वाकली आणि वॉकरच्या वाटेतली सतरंजी भराभर गुंडाळू लागली.