पॉलिश मारलेलं झाड

साहेब, माझ्या भावाच्या माथी सगळं मारून तुम्ही हात झटकलेत. चार लोकांत सांगितलंत, रंगाऱ्यानं हलगर्जीपणा केला म्हणून पक्षी गेले. त्या रंगाऱ्याची मी धाकटी बहीण. घासकाम माझं, ब्रश धुणं माझं, त्या दिवशी शिडी धरली तीही मीच. तेव्हा आता ऐकून घ्या.

तुमच्या नव्या पक्षीदालनात तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तिथल्या झाडाला साल होती. बंद दालन, खिडकी एकही नाही, मधोमध ते वठलेलं झाड उभं केलेलं. त्यावर देशोदेशीचे पक्षी बसणार होते. तुम्ही मान तिरकी करून पाहिलंत आणि म्हणालात, हे सरपण कशाला आणून ठेवलंय? साल काढा, पॉलिश करा, फोटोत चकाकलं पाहिजे. पक्षी सांभाळणाऱ्या काकूंनी सांगून पाहिलं की खडबडीत सालीवर पाय नीट बसतो, राहू द्या. "का हो काकू, पक्ष्यांनी अर्ज केलाय का?" तुम्ही विचारलंत. सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसावंच लागतं.

आम्ही साल तासली. पॉलिशचे दोन हात दिले. तुम्हाला चकाकी कमी वाटली, म्हणून तिसरा दिला, चांगला जाड. आणि तेवढ्यात तुम्ही उद्घाटन अलीकडे ओढलंत, कारण मोठे पाहुणे नंतर मोकळे नव्हते.

दादाची तपासायची एक रीत आहे. बोटाची पाठ हलकेच टेकवायची. चिकटली नाही तर वाळलं. कपाटं, दारं, जिन्याचे कठडे, जन्मभर त्यानं असंच पाहिलं. फांदीलाही बोट टेकवलं आणि म्हणाला, वाळलंय. ही चूक त्याची. तो नाकबूल करत नाही, मीही करणार नाही. पॉलिशवर साय धरली होती, खाली सगळं ओलं होतं. कपाटाला कुणी पंजे रोवून बसत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पक्षी सोडले तेव्हा टाळ्या पडल्या. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला होडीसारख्या चोचीचा टुकान, ऑस्ट्रेलियातला जाडजूड खंड्या, आफ्रिकेचे लव्हबर्ड्स, मूठभर रंगीत मुनिया. जो तो आपापली फांदी धरून बसला. फांदीवर बसणाऱ्या पाखराचं असं असतं की पाय दुमडला की बोटं आपोआप आवळतात, म्हणून ते झोपेतही पडत नाही. पाहुण्यांची भाषणं चालली होती आणि वर बोटं आवळत होती. साय फुटली.

कुणाचा तरी फ्लॅश उडाला. टुकाननं पंख उघडले आणि तिथंच राहिला. पुन्हा उघडले. "वा, पोझ देतोय," पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं. मग मुनिया उडायला गेल्या, पुढं कोसळल्या आणि पायांनी उलट्या लटकून फडफडू लागल्या. दालनात कुणी हलेना. खंड्या ओरडायला लागला. त्याचं ओरडणंच माणसाच्या हसण्यासारखं. ते ऐकून पुढच्या रांगेतल्या बाईंनी कान झाकले.

काकूंनी तेल मागवलं. दादा शिडी चढला. पहिली मुनिया त्यानं तेलाच्या बोटानं, एकेक नखी सोडवत, धडधाकट काढली. दुसरीही काढली. तुमची माणसं पाहुण्यांना बाहेर नेत होती ते मी पाहत होते. शेवटचा माणूस गेला, दार लागलं आणि दिवे गेले.

साहेब, काळामिट्ट अंधार. पाखरं पिसाळल्यासारखी ओढायला लागली. मी तोंडात मोबाईल धरला, तेवढ्या उजेडात दादा चाचपडत होता. काकू दारावर धपाधप हात मारत होत्या, दिवे लावा म्हणून. बाहेरून उत्तर नाही. एका फांदीवर माझा उजेड पडला. तिथं लव्हबर्डचा पाय होता. लव्हबर्ड नव्हता.

दिवे आले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. खाली जमिनीवर काय पडलंय ते बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "कुणी फोटो काढले का?"

काल तुमचा माणूस घरी आला होता. दादाला म्हणाला, सगळी मेलेली पाखरं तुझ्या पॉलिशनं मेली एवढं कबूल कर, केस होणार नाही. नाहीतर जेल आहे. वहिनी रडते, कबूल करा म्हणते. परवापासून दादानं ब्रश हातात धरलेला नाही. मला म्हणाला, "ताई, उजेडात मी सगळ्यांना सोडवलं असतं गं." मी त्याच्यापेक्षा लहान, तरी तो मला ताई म्हणतो.

पॉलिशची चूक आमची, तिची शिक्षा आम्ही भोगू. पण उजेडात जी दोन काढली ती जिवंत आहेत, आणि अंधारात गेली ती आमच्या पदरात का टाकता? मेन स्विच दाराबाहेर आहे, तिथं तुम्ही उभे होतात. फोटो निघू नयेत म्हणून दिवे बंद करा असं कुणी सांगितलं? त्या माणसाचं नाव सांगा. लोकांसमोर सांगा.